आधी नेसवा, मग उतरवा: ॲनिमेटमध्ये कपडे बदलणारी बाहुली

ब्राउझरमध्ये खेळ चालवणारा फ्लॅश प्लेअर २०२० संपता संपता बंद झाला, पण कपडे ओढून बाहुलीला नेसवायचा खेळ करायला ‘स्टार्टड्रॅग लिहा की झालं’ असं सांगणारे धडे अजून फिरताहेत. ती ॲक्शनस्क्रिप्टची, म्हणजे फ्लॅशच्या कोडभाषेची कमांड. ब्राउझरमध्ये चालणारा खेळ हवा असेल तर ॲडोबी ॲनिमेट या चित्रं हलवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एचटीएमएल५ कॅनव्हासची (जावास्क्रिप्टवर चालणारी) फाइल उघडा आणि ते धडे विसरा.

बाहुली काढून तिचा लेयर लॉक करा. प्रत्येक कपडा वेगळ्या लेयरवर काढा, एफ८ दाबून मूव्हीक्लिप (कोडने हलवता येणारी वस्तू) करा, प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टन्स नेम, म्हणजे कोडने हाक मारायचं नाव द्या. नाव नुसतं लायब्ररीत दिलंत तर कोडला ते दिसत नाही. मुख्य टाइमलाइन एकाच फ्रेमची ठेवा. डोळ्यांची उघडझाप बाहुलीच्या क्लिपच्या आत.

आता गोची. बहुतेक जण कपडे बाजूच्या फळीवर काढतात आणि बाहुलीच्या अंगावर ते नेमके कुठे बसतील याचे आकडे शोधत बसतात. मीही बसले होते. भाचीसाठी नऊवारीतली ठकी करत होते, आणि नथ कधी गालावर, कधी हनुवटीवर! दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

उलटं करा. नऊवारी बाहुलीच्या अंगावरच काढा, निऱ्यांपासून पदरापर्यंत. कोडच्या सुरुवातीला प्रत्येक कपड्याचे एक्स-वाय ‘घर’ म्हणून साठवा आणि मग कोडनेच त्याला फळीवर न्या. सोडलेला कपडा घरापासून ६० पिक्सेलांच्या आत असला की घरी, नाहीतर परत फळीवर. हिटटेस्टच्या, म्हणजे टक्कर तपासणाऱ्या कमांडच्या नादी लागू नका. ती फक्त एक बिंदू बाहुलीवर पडतो का एवढंच पाहते, साडी जागेवर बसली का ते नाही.

दुसरा छळ म्हणजे पकडल्याबरोबर कपडा टुणकन उडतो. कारण प्रेसमूव्हमध्ये, म्हणजे दाबून ओढताना चालणाऱ्या कोडमध्ये त्याचे एक्स-वाय थेट बोटाच्या जागेवर नेले जातात. माऊसडाउनलाच, म्हणजे दाबल्या क्षणीच बोट आणि कपडा यांतलं अंतर साठवा आणि हलवताना तेवढं राखा. बोटाची जागा स्टेजएक्सवरून (पूर्ण कॅनव्हासच्या मापातला आकडा) कच्ची उचलू नका, आधी ग्लोबलटूलोकलमधून काढा, ते तो आकडा तुमच्या चित्राच्या मापात आणतं. नाहीतर दाट पिक्सेलांच्या स्क्रीनवर कपडा बोटाच्या पुढे पळतो. ओढण्याच्या फंक्शनला बाइंड (‘धिस’ म्हणजे कोण ते पक्कं करणारी कमांड) लावायला विसरलात तर आतलं ‘धिस’ भलतीकडे बोट दाखवतं आणि एकही कपडा हलत नाही.

पकडलेला कपडा सगळ्यांत वर आणा, असंही सांगतात. मी आणत नाही. साडीनंतर चोळी घातली की ती पदरावर चढते. खाली चोळी, वर साडी, त्यावर दागिने हा लेयरांचा क्रम एकदा लावला की त्याला हात लावू नका.

कंट्रोल-एंटरने तपासा, पब्लिश करा, तयार झालेल्या सगळ्या फाइली एकत्रच अपलोड करा. फोनवर बोटाने काहीच हलत नसेल तर क्रिएटजेएसची (ॲनिमेटचा कॅनव्हास जिच्यावर चालतो ती जावास्क्रिप्ट लायब्ररी) टच-इनेबलची ओळ कोडमध्ये लिहायची राहिली आहे.