घोरणाऱ्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन: दुखण्याची तयारी आधीच

तारीख ठरली की पहिलं काम, मूल गाढ झोपल्यावर मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. मान मागे टाकलेली, छाती आत ओढली जातेय, घोरणं एकदम बंद, मग दचकून पुन्हा श्वास. हे भूलतज्ज्ञांना दाखवलंत की निम्मं सांगणं वाचतं. स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट असेल तर फाइलमध्ये सगळ्यात वर. श्वास तासाला 10 किंवा जास्त वेळा अडत असेल, झोपेत ऑक्सिजन 80 टक्क्यांखाली जात असेल किंवा मूल 3 वर्षांच्या आतलं असेल, तर रात्रभर हॉस्पिटलात राहायचं धरूनच बॅग भरा.

त्याच भेटीत घरी दुखण्यावर काय द्यायचं तेही विचारून घ्या. महिनोन्‌महिने झोपेत ऑक्सिजन कमी पडलेल्या मुलांचा श्वास अफूवर्गातल्या औषधांच्या नेहमीच्या डोसानेही मंदावू शकतो. त्यात कोडीनची वेगळीच भानगड: काही मुलांचं यकृत त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं, आणि मुलाकडे बघून ते कळत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये टॉन्सिलनंतरच्या कोडीनवर कडक इशारा छापायला लावला, 2017 मध्ये 12 वर्षांखाली दुखण्यासाठी कोडीन आणि त्याच वर्गातलं ट्रामाडॉल दोन्ही वर्ज्य ठरवली. कपाटातली खोकल्याची जुनी बाटलीही तपासा, कोडीन तिथेही असू शकतं.

उरतात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, आणि वेळेवर दिली तर बहुतेकदा तेवढी पुरतात. मात्रा वयावर नाही, वजनावर. म्हणून त्या आठवड्यातलं वजन हवं. तुमच्याकडचीच बाटली डॉक्टरांना दाखवून डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, कारण एकाच औषधाची दोन सिरपं वेगवेगळ्या ताकदीची असतात. चमचा नको, सिरिंज. एक वही करा: वेळ, औषध, किती, कोणी दिलं. आईने दिलेला डोस बाबांनी पुन्हा देणं फार सोपं असतं. पहिले काही दिवस रात्रीचाही गजर लावा. झोपलंय बिचारं म्हणून डोस चुकवला, तर सकाळी ते पाण्याचा घोटही घेणार नाही, आणि घसा कोरडा पडला की दुखणं आणखी वाढतं.

पाचव्या दिवसानंतर खपल्या सुटतात तेव्हा दुखणं पुन्हा उसळतं, कानही ठणकतो. कान बिघडलेला नसतो, घशाचीच कळ तिथे पोचते. त्या दिवसांसाठी सिरप शिल्लक हवं.

तोंडातून लाल रक्त आलं, ओठ निळसर दिसले किंवा हाक मारून मूल उठेना, तर तडक हॉस्पिटल. रात्री गाडी कोण काढणार आणि धाकट्यापाशी कोण थांबणार, ते वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा.