कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी ही एक ओळ बघा

घराची दुरुस्ती, पोरांची फी, दवाखाना, काहीही निघालं की बेळगावच्या शहापूर-वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत फायनान्सवाले सांगतात, "महिन्याला फक्त एक टक्का!" हा दर फ्लॅट असतो. मुद्दल फिटत आलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लागतं.

उदाहरणार्थ, 1 लाख, 2 वर्षं, महिना 1 टक्का. व्याज 24,000, हप्ता सुमारे 5,167. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, बारा नव्हे. प्रोसेसिंग फी आणि विमा त्यावर आणखी.

1. सहीआधी 'केएफएस' (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचं पत्रक) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जासाठी तो द्यावाच लागतो, बँकेने आणि फायनान्स कंपनीनेही.
2. तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, असं नियमच सांगतो. कन्नड किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर बिनदिक्कत मराठीत मागा.
3. त्यात 'एपीआर' (अ‍ॅन्युअल पर्सेंटेज रेट) ही ओळ शोधा. फी, विमा धरून खरा वार्षिक दर तो. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा, हप्ते नकोत. मुदत वाढवली की हप्ता लहान दिसतोच.
4. कागद घरी आणा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आज सही नाही केली तर ऑफर गेली, या घाईला बळी पडू नका.

हप्ता चुकल्यावरचा दंड मात्र एपीआरमध्ये धरलेला नसतो. तो त्याच पत्रकात वेगळा लिहिलेला असतो, तेवढा वाचूनच सही करा.