सुरी हाताने घडवणाऱ्याने व्हाइस कसा निवडावा

सुऱ्या करायला शिकू पाहणारे लोक आधी भट्टीबद्दल विचारतात, मग स्टीलबद्दल. व्हाइसचा, म्हणजे काम दोन जबड्यांत घट्ट आवळून धरणाऱ्या शिकंज्याचा, विषय शेवटी निघतो, तोही "कुठलाही चालेल ना?" एवढाच. माझं मत असं, की खर्चाचा मोठा वाटा व्हाइस आणि तो ज्यावर बसणार त्या टेबलासाठी बाजूला काढावा. बेल्ट ग्राइंडर (फिरत्या घासपट्ट्याचं यंत्र) नसेल तर पात्याचा आकार काढणं, धारेचा उतार घासणं, मूठ गोल करणं, पॉलिश पेपर मारणं, सगळं व्हाइसपाशी उभं राहूनच होतं. पात्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून विझवून कडक करायला, एक संध्याकाळ पुरते. कानशीचं काम दिवसचे दिवस चालतं, आणि त्या सगळ्या वेळात पातं हललं तर हात कितीही चांगला असो, उतार सपाट येत नाही.

मापाचा प्रश्न लवकर सुटतो. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी 125 मिमी रुंद जबड्याचा बेंच व्हाइस घ्या. जागा किंवा पैसे कमी असतील तर 100 मिमीचा घ्या, पण जड अंगाचा. टेबलाच्या कडेला स्क्रूने अडकवायचे छोटे व्हाइस या कामाचे नाहीत, आणि ड्रिल मशीनखालचा चपटा व्हाइसही नाही. आपल्याकडच्या दुकानात दिसणारे बरेच व्हाइस पंजाबातून, जालंधर-लुधियाना भागातून येतात. साधे असतात ते बिडाचे. बीड दाब उत्तम सोसतं, पण हातोड्याच्या घावाने तडकतं. त्यामुळे नुसतं कानसकाम करणार असाल तर चांगल्या बिडाचा पुरतो, ठोकाठोकीही होणार असेल तर एस.जी. आयर्नचा (कमी ठिसूळ, चिवट बिडाचा) किंवा ओतीव पोलादाचा पाहा.

आता पारख. ही दुकानातच करायची, आणि घाई न करता. जबडे अलगद मिटवा आणि उजेडाकडे धरून फट पाहा. मग कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून हलकेच आवळा. एक घट्ट बसली आणि दुसरी ओढताच निघाली तर जबडे समांतर नाहीत. यानंतर जबडा निम्मा उघडा, पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, प्रत्येक व्हाइसमध्ये असतोच. पण आवळताना पुढचा जबडा उचलला जात असेल, तर पकड फक्त खालच्या भागात राहते आणि पातळ पातं वरून सुटून थरथरतं. तो व्हाइस घेऊ नका, रंग कितीही चकचकीत असला तरी. रंगावरून आठवलं, ओतकामातली भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून वर जाड रंग दिलेला असू शकतो, म्हणून नख किंवा किल्ली फिरवून बघा. छोट्या हातोडीने अंगावर टिचकी मारा: आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर तडा असण्याची शक्यता आहे.

जुना माल घेणार असाल तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतला चोर बाजार धुंडाळायला हरकत नाही. रेकॉर्ड किंवा पार्किन्सन या जुन्या इंग्लिश नावांचा व्हाइस हाती लागला आणि आटे शाबूत असले, तर तो नव्यापेक्षा बरा. स्क्रू शेवटपर्यंत फिरवून पाहा. आवळायची दांडी वाकलेली असेल तर कुणीतरी पाइप घालून आवळलेला आहे, तेव्हा नट आणि आटे नीट तपासा. वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर पुढे चला. नव्यासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी, दोन्हीकडे पाच-सात नग शेजारी ठेवून हाताळता येतात. ऑनलाइन मागवलेल्या व्हाइसची ही पारख होत नाही, एवढ्यासाठी मी दुकानच सुचवतो.

फिरत्या बैठकीचा मोह बहुतेकांना होतो. मूठ घासताना तो फिरता तळ कामाला येतो हे खरं, पण तो आणखी एक सांधा आहे, आणि सांधा आला की हालचाल आली. पहिला व्हाइस स्थिर तळाचाच घ्यावा.

बसवताना तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर येऊ द्या. लाकडी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर हवेत. स्थिर जबड्याचं तोंड टेबलाच्या कडेपेक्षा किंचित बाहेर ठेवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. टेबल हलकं असेल तर खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. उंचीसाठी आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये शिकवतात तीच रीत: ताठ उभं राहून हाताची मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर जबड्याच्या माथ्याला जेमतेम टेकलं पाहिजे. उंची चुकली की कानस डोलते आणि उतार गोलसर होतो.

जबड्यांचे दात पात्याला थेट लावायचे नाहीत. कानसकामाला अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर बसवा, पॉलिश झालेल्या पात्याला चामडं वापरा. ही आवरणं प्रत्येक वेळी पुसायची. मऊ धातूत आणि चामड्यात लोखंडाचा कीस रुतून बसतो, आणि 600 नंबरच्या पेपरने घासून आणलेल्या पात्यावर त्यातला एक कण लांब ओरखडा काढतो.

पातं नुसतं जबड्यात धरून उतार काढू नका. बाहेर राहिलेला भाग थरथरतो, कानस किंचाळू लागते. त्याऐवजी व्हाइसमध्ये जाड लाकडी फळी आवळा, पातं तिच्यावर आडवं ठेवून सी-क्लॅम्पने पक्कं करा. फळी पात्याच्या टोकापेक्षा लांब असू द्या. कानस निसटली की माणूस पुढे झुकतो, आणि तिथे उघडं टोक असणं हा या कामातला मोठा धोका आहे. मूठ चढवताना पात्यावर जाड टेप गुंडाळायचा हे त्याच कारणासाठी.

पाणी देताना पातं वाकतं, तेव्हाही व्हाइसच लागतो. गाडीच्या कमानीच्या पाट्याचं स्टील तेलात विझवल्यावर साधारण 200 अंशांपर्यंत उतरेतो थोडा वेळ नरम असतं. तेवढ्यात ते अॅल्युमिनियमच्या दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून सरळ करता येतं. म्हणून पट्ट्या जबड्यात आधीच लावून, अंतर बेतून ठेवा. संधी हुकली तर पातं टेंपर होईपर्यंत, म्हणजे पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी होईपर्यंत, वाकवायला जाऊ नका, ते काचेसारखं तुटेल.

घडाईकडे वळलात की दुसरा व्हाइस लागेल: लोहाराचा लेग व्हाइस. त्याचा पाय जमिनीवर टेकतो, त्यामुळे घणाचा घाव टेबलाला न हादरवता थेट खाली जातो. घडीव असल्याने तो फुटत नाही. त्याचे जबडे कमानीत उघडतात, म्हणून जाड वस्तू एका कडेवरच धरली जाते, पण पातळ पात्याला त्याने अडत नाही. पाय मातीत नको, दगडावर किंवा ओंडक्यात खोवलेला असावा.

खरेदीआधी जवळच्या फॅब्रिकेटरकडे किंवा लोहाराकडे परवानगी मागून त्याच्या व्हाइसवर पट्टीचा एक तुकडा तासभर कानसून पाहा. तिथे जी उंची आणि जो जडपणा हाताला मानवेल, त्याची मापं लिहून घ्या आणि तीच घेऊन दुकानात जा.