डोंगराआडच्या गावात एफएमसाठी तीन दांड्यांची अँटेना

बालाघाटाच्या आडोशाला असलेल्या बीड-धाराशिवकडच्या गावांत एफएम खरखरतं, तेव्हा यागी अँटेना, म्हणजे समांतर दांड्यांची एकाच दिशेला ऐकणारी अँटेना, कामाला येते. साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली एकच दांडी, काटकोनातल्या दोन्ही बाजूंचं सारखंच घेतो. यागीत डायपोलच्या मागची लांब दांडी, म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची आखूड, म्हणजे डायरेक्टर, यांतल्या लहरी पुढं एकमेकींत मिळतात, मागं एकमेकींना मारतात. म्हणून एकाच दिशेची पकड वाढते.

१०० मेगाहर्ट्झसाठी मापं: रिफ्लेक्टर १५० सेंमी, मधला फोल्डेड डायपोल (टोकं वळवून लांबट कड्यासारखा केलेला) १४२, डायरेक्टर १३४. पहिल्या दोघांत अंतर ६० सेंमी, पुढं ५०. तिन्ही दांड्या १० मिमी ॲल्युमिनिअम नळीच्या, आधार सव्वा मीटर पीव्हीसी पाइपचा. डायपोलच्या समांतर बाजूंत ५ सेंमी जागा ठेवा, खालची बाजू मधोमध कापून तिथं ७५ ओहमची टीव्ही केबल जोडा. दुसऱ्या स्टेशनसाठी प्रत्येक माप गुणिले १००, भागिले त्याचे मेगाहर्ट्झ.

आखूड दांडी स्टेशनकडं हवी. उलटी बसली तर अँटेना पाठीमागचं ऐकते. बहुतेक तक्रारी इथंच निघतात. दांड्या आडव्या-उभ्या दोन्ही करून बघा. उभ्या केल्या तर लोखंडी खांब रिफ्लेक्टरच्या मागं घ्या, मध्ये आला तर तोच चौथी दांडी बनून सगळं बिघडवतो.

तरी कमी पडलं तर अशाच दोन अँटेना एकावर एक, दोन मीटर अंतरानं लावा: पकडीचा आडवा पसारा तितकाच राहतो, उभा आवळतो. शेजारी-शेजारी लावल्या तर आडवा आवळतो, मग दिशा फार नेमकी धरावी लागते. वळवाच्या विजांआधी खांबाला अर्थिंग कराच.