दशांश चिन्ह फळ्यावर येण्याआधी

"०.३५ मोठी की ०.४?" चौथी-पाचवीच्या वर्गात हे विचारलं की बरेच हात ०.३५ साठी वर होतात. "पस्तीस मोठे ना, बाई!" ही चूक मुलं घरून आणत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःच "शून्य पॉईंट पस्तीस" असं वाचून दाखवत असे. पस्तीस हा शब्द त्यांच्या कानात मीच घातला, मग चारापेक्षा पस्तीस मोठे म्हणणाऱ्या मुलाचं चुकलं कुठे? तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी वस्तू, मग तोंडी नावं, मग तक्ता, आणि ते टिंब सगळ्यात शेवटी.

पहिले तीन-चार तास फळ्यावर एकही दशांश चिन्ह येत नाही. प्रत्येक गटाला एक मीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी देते. ही पट्टी म्हणजे 'एक'. तिचे दहा सारखे तुकडे करायचे. घड्या घालून दहा भाग नीट होत नाहीत, म्हणून मोजपट्टीने दर दहा सेंटिमीटरवर खूण करून कापायचे. हा एक तुकडा म्हणजे एक दशांश. त्यातला एक तुकडा घेऊन त्याचे पुन्हा दहा चौकोन करायचे. हा चौकोन म्हणजे एक शतांश. "याला शतांश का म्हणायचं?" असं मी विचारते आणि थांबते. पूर्ण पट्टीत असे किती चौकोन बसतील, हे मुलं स्वतः मांडून बघतात तेव्हाच त्या नावाला अर्थ येतो. एखादा गट चौकोनाचेही दहा काप करायला निघतो. करू द्यावेत, कारण मिलिमीटरभर जाडीचा तो काप हातात धरला की सहस्रांश किती बारीक असतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग वर्गातल्या वस्तू मोजायच्या. बाकाची रुंदी सहा दशांश आणि चार शतांश. दाराची उंची दोन पूर्ण आणि पाच शतांश. हे दुसरं उदाहरण मुद्दाम शोधून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

इथे मराठीतली एक अडचण सांगायला हवी. दशक आणि दशांश, शतक आणि शतांश हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की मागच्या बाकावर फक्त 'दश' आणि 'शत' पोचतं. मी शेवटचा 'अंश' लांबवून म्हणते आणि म्हणताना दोन बोटांची चिमूट दाखवते. अंश म्हणजे भाग, हे रोज एकदा तरी बोलून होतं. दशक म्हटलं की मात्र दोन्ही हात पसरायचे. आठवड्याभरात मुलं हातांशिवाय फरक करू लागतात.

आता स्थानिक किमतीचा तक्ता. बरीच मुलं टिंबाला मध्य समजतात आणि विचारतात, "डावीकडे एकक आहे, मग उजवीकडे एकांश कुठे?" प्रश्न हुशारीचा आहे. त्याला उत्तर द्यायचं तर तक्त्याचा मध्य एककाच्या घरात आहे हे दाखवावं लागतं. एककाच्या डावीकडे दशक आणि उजवीकडे दशांश, त्यापलीकडे शतक आणि शतांश. मी एककाचं घर रंगवून घेते. एककाचं घर संपलं हे सांगण्यापुरतंच टिंब. सायमन स्टेविन या गणितज्ञाने १५८५ मध्ये युरोपात दशांश लेखनाचा प्रसार केला, तेव्हा तो टिंब देतच नव्हता. एककापाशी वर्तुळात ०, दशांशापाशी वर्तुळात १, शतांशापाशी वर्तुळात २ अशा खुणा तो करत असे. मी मुलांना दोन दिवस तसंच लिहायला लावते. एवढी वर्तुळं काढून हात दुखले की मुलंच म्हणतात, "एकच खूण केली तर नाही का चालणार?" मग टिंब येतं. काही देशांत त्या जागी स्वल्पविराम देतात, हेही तेव्हाच सांगून टाकते.

वाचनाच्या मी तीन पायऱ्या ठेवल्या आहेत आणि एकही गाळत नाही. २.३५ ही संख्या आधी "दोन एकक, तीन दशांश, पाच शतांश" अशी वाचायची. दुसऱ्या पायरीवर "दोन पूर्णांक पस्तीस शतांश". तीन दशांशांचे तीस शतांश होतात, हे चौकोन मोजून पटवल्याशिवाय ही पायरी घेऊ नका. मुलाला शेवटच्या घराचं नाव विचारायचं, म्हणजे पस्तीस 'कशाचे' ते कळतं. तिसऱ्या पायरीवर "दोन दशांश चिन्ह तीन पाच". टिंबानंतरचे अंक सुटे वाचायचे. मराठीत याचा आणखी एक फायदा होतो. 'पस्तीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि तीन नंतर, त्यामुळे श्रुतलेखनात ५३ लिहिणारी मुलं असतात. "तीन पाच" ऐकलं की कान आणि हात एकाच दिशेने चालतात. "दोन पॉईंट पस्तीस" मात्र माझ्या वर्गात कोणीच म्हणत नाही, मीसुद्धा नाही.

लिहिताना सगळ्यात जास्त अडतं ते रिकाम्या घरापाशी. "तीन पूर्णांक सात शतांश" म्हटलं की अर्धा वर्ग ३.७ लिहितो. आता ते दार आठवायचं, दोन पूर्ण आणि पाच शतांश. तुकडे जमिनीवर मांडले तर दशांशाची जागा मोकळी दिसते. त्या मोकळ्या जागेत शून्य, म्हणून २.०५. श्रुतलेखनात मी ३.७, ३.०७ आणि ३.७० लागोपाठ सांगते आणि तिन्ही पट्ट्यांनी मांडून घेते. ३.७ आणि ३.७० ची लांबी सारखीच भरते, तेव्हा शेवटच्या शून्याने किंमत बदलत नाही हे मी न सांगताच निघतं. पूर्ण भाग नसेल तर .५ असं न लिहिता ०.५ लिहायची सवय लावा. घाईत काढलेलं टिंब सहज नजरेतून सुटतं.

दीड, अडीच, साडेतीन हे शब्द तर आयतेच आहेत. "साडेतीन कसं लिहाल?" असं विचारलं की मात्र ३.३० असं उत्तर येतं, कारण वेळ तशीच लिहिलेली मुलांनी पाहिलेली असते. घड्याळात एका तासाचे साठ भाग असतात, इथे एककाचे दहा. वेळेतलं ते टिंब दशांश चिन्ह नव्हे, हे स्पष्ट सांगा आणि ३.५ पट्टीवर दाखवा. त्यानंतर सव्वादोन म्हणजे २.२५ आणि पावणेतीन म्हणजे २.७५ हे शंभर चौकटींच्या कागदावर रंगवून घेता येतं.

२.९ नंतर काय, याला २.१० हे उत्तर हमखास येतं. साध्या कॅल्क्युलेटरवर ०.१ मिळवत जायला सांगा. २.८, २.९ आणि मग ३ दिसलं की वर्ग गप्प होतो. लगेच पट्टीचे दहा दशांश जोडून एक पूर्ण पट्टी करून दाखवायची.

तपासणीला ०.३५ आणि ०.४ ही एकच जोडी पुरत नाही. काही मुलांनी 'अंक कमी ती संख्या मोठी' असा नवाच नियम मनाशी धरलेला असतो आणि त्यांचं उत्तर योगायोगाने बरोबर येतं. म्हणून ०.३ आणि ०.४५ ही जोडीही द्या. दोन्हीकडे बरोबर सांगणाऱ्या मुलाला मी विचारते, "०.३ आणि ०.४ च्या मध्ये कुठली संख्या?" आधी "कुठलीच नाही" येतं. मग कोणीतरी दशांशाचा तुकडा उचलून त्यावरचे चौकोन मोजायला लागतं.