औषधांचा डबा रिकामा करून तपासताना

डबा टेबलावर पूर्ण उपडा करा. प्रत्येक पाकीट हातात घेऊन तीन गोष्टी सांगता येतात का पाहा: हे कोणासाठी लिहून दिलं होतं, कशासाठी आणि किती दिवसांसाठी. यातलं एक जरी आठवलं नाही तरी ते पाकीट बाजूला काढा. मागच्या खोकल्याला लागू पडलेली गोळी या खोकल्यालाही चालेल, असं कुणालाही वाटतं. पण खोकला हे लक्षण आहे, आजार नव्हे. मागचा जंतुसंसर्गाचा असेल, आत्ताचा दम्याचा असेल. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू असेल तर त्या गोळीमुळेही कोरडा खोकला येतो, आणि त्यावर उरलेलं अँटिबायोटिक घेऊन काहीही उपयोग होत नाही.

आता बारीक अक्षरं वाचा. पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव मोठं असतं, पण आपल्याला हवं असतं ते आतल्या औषधाचं. पॅरासिटामॉलचंच घ्या. निरोगी, प्रौढ माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ती आणखी खाली येते. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांतही हेच औषध असतं, त्यामुळे तापाची एक आणि सर्दीची एक घेताना डोस नकळत दुप्पट होतो. जास्त पॅरासिटामॉल पोटात गेलं तरी पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही. यकृताची हानी पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसते. त्यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत सर्वांत प्रभावी असतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही एकाच गटातली वेदनाशामकं आहेत. त्यातली दोन एकत्र घेतली की दुखणं दुपटीने थांबत नाही, जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. किडनीचं गणित याहून नाजूक आहे. वेदनाशामकामुळे किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आक्रसते. रामिप्रिलसारख्या गोळीने रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातलं पाणी कमी होतं. तिन्ही एकदम सुरू असतील तर गाळणीतला दाब घसरतो, आणि त्यात जुलाब-उलट्या लागल्या तर किडनी अचानक काम थांबवू शकते. रक्तदाबाच्या रुग्णाने गुडघेदुखीसाठी शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये, ते यासाठी.

काही औषधांत घेण्याइतकाच धोका एकदम सोडण्यात असतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन आठवड्यांहून अधिक घेतलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडतो. चिंता कमी करण्यासाठी रोज घेतलेलं अल्प्राझोलाम एका दिवसात बंद केल्यास झटके येऊ शकतात. हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी दिलेलं मेटोप्रोलॉल अचानक बंद केलं तर छातीत दुखणं उसळतं. ‘आता बरं वाटतंय’ हे या गोळ्या सोडण्याचं कारण होऊ शकत नाही, डोस टप्प्याटप्प्याने डॉक्टरच उतरवतात. मेथोट्रेक्झेटचं पाकीट असेल तर वेगळं ठेवा आणि वार मोठ्या अक्षरांत लिहा: सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतल्याने मृत्यू झाले आहेत.

मलमंही पाहा. गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की निदानच अवघड होतं.

जे ठेवाल त्याची यादी करा: औषधाचं नाव, ताकद, वेळ. जीवनसत्त्वं आणि वनौषधीही लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या.

कुणी जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं तर उलटी करायला लावू नका. रिकामी पाकिटं घेऊन थेट रुग्णालयात जा. किती गोळ्या, किती मिलिग्रॅमच्या आणि किती वाजता, हे कागदावर लिहून न्या. तिथे पहिल्यांदा हेच विचारतात.