धावत्या एस.टी.चे वस्तुमान किती वाढते, ते कसे काढावे

सातारा–सांगली मार्गावर धावणाऱ्या एस.टी.चे वस्तुमान वेगामुळे वाढते का, या प्रश्नाचे उत्तर कागदावर पाच मिनिटांत काढता येते. मात्र गणकयंत्र हातात घेण्याआधी रीत ठरवून घ्यावी.

सापेक्षतेच्या सूत्रात वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा वर्ग ही राशी एकातून वजा करून वर्गमूळ घ्यावे लागते. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, हा वेग त्यात थेट घातला, तर दहा अंकी गणकयंत्रावर निखळ १ उमटतो आणि वाढ शून्यच आहे असा समज होतो; प्रत्यक्षात फरक दशांशचिन्हानंतर पंधराव्या स्थळी सुरू होतो. म्हणून वर्गमुळाच्या वाटेला न जाता गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा, म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) काढून तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागावे.

सोयीसाठी बस १०,००० किलोग्रॅमची धरू. ५,००० गुणिले ४००, म्हणजे गतिज ऊर्जा २० लाख ज्यूल. प्रकाशवेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर असल्याने त्याचा वर्ग होतो ९ वर १६ शून्ये. भागाकार येतो सुमारे २२ नॅनोग्रॅम, एका ग्रॅमचा साडेचार कोटीवा भाग. सांगलीत हळदीची पोती हलवताना जी पिवळी धूळ उडते, तिच्यातला एखादा कण साधारण एवढा भरेल. उसाच्या ट्रॉल्या तोलणाऱ्या वजनकाट्याला हे दिसणे शक्य नाही. शिवाय तेवढ्या प्रवासात जळालेल्या डिझेलमुळे बस कित्येक किलोंनी हलकी झालेली असते, ते वेगळेच.

उत्तर लिहिताना मात्र ‘वस्तुमान वाढले’ असे लिहू नये. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने बस स्थिरच असते, त्यामुळे त्याच्या हिशेबात ही वाढ शून्य येते. याच कारणाने आज भौतिकशास्त्रात वस्तुमान हा शब्द विरामावस्थेतील वस्तुमानासाठीच राखून ठेवतात आणि वेगामुळे आलेल्या वाढीला सरळ ऊर्जा म्हणतात.

गंमत पुढेच आहे. कराडच्या स्थानकात चालक ब्रेक दाबतो, तेव्हा त्या २० लाख ज्यूलपैकी बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेक ड्रममध्ये उतरते, आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलेल्या संबंधानुसार तापलेल्या ड्रमचे विरामावस्थेतील वस्तुमान काही नॅनोग्रॅमने खरोखर वाढते. धावताना जे वस्तुमान नव्हते, ते बस थांबल्यावर होते, आणि ड्रम निवेपर्यंत टिकते.